एका कार्डासाठी लखनौ

लखनौला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी पहिला प्रश्न केला, इमामबाडा पाहिला का? नाही पाहिला. रिक्षातून जाताना उजव्या हाताला काहीतरी घुमटासारखं दिसलं, तेवढ्यात रिक्षावाल्यानं वळण घेतलं. मी पाहिलं ते एवढंच: सत्तावीस पायऱ्या, नऊ लोखंडी कपाटं आणि धुकं. त्यामुळे ज्यांना नबाबांच्या गोष्टी हव्यात त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. मी अठ्ठावन्न वर्षांची, नुकतीच मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठलेली, दोन्ही गुडघे कुरकुरणारी बाई. हौसेनं नाही गेले, कामाला गेले होते.

काम होतं पप्पांचं. माझे वडील भास्कर पाटोळे तरुणपणी एका ख्रिस्ती युवक संस्थेत होते. पोरांची शिबिरं, वसतिगृह, संध्याकाळचे वर्ग, खेळ, सगळं बघायचे. अकरा वर्षं लखनौत काढली त्यांनी. माझा जन्मही तिथलाच. मी सहा वर्षांची असताना एकाएकी आम्ही नगरला परत आलो, पुढच्याच वर्षी आई गेली, आणि पप्पा मिशनच्या दवाखान्यात कारकून म्हणून चिकटले ते निवृत्त होईपर्यंत. लखनौचं नाव घरात निघायचं नाही. बाहेर मात्र निघायचं. 'भास्कररावांना तिकडून काढून टाकलं म्हणे,' हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले. कशासाठी, ते कुणाला माहीत नव्हतं, पण लोकांना तेवढ्यानं काय फरक पडतो? पप्पा हो म्हणत नव्हते की नाही म्हणत नव्हते.

आता ती संस्था आपल्या जुन्या पुढाऱ्यांच्या चरित्रांचा ग्रंथ काढते आहे. मी हौसेनं पत्र लिहिलं. उत्तर आलं की श्री. पाटोळे यांची नोंद आमच्याकडे आढळत नाही, सबब ग्रंथात नाव घेता येणार नाही. पप्पांना वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाले. "नकोच ते नाव." आणि त्या दुपारी जेवले नाहीत. माणूस सत्त्याऐंशीचा झाला तरी रुसायचं कसं ते विसरत नाही.

म्हणून निघाले. बावन्न वर्षांचं किटाळ घेऊन या माणसानं जाऊ नये, एवढंच मनात होतं. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. काढलेलंच असलं तर?

निशातगंज

गाडी धुक्यामुळे नऊ तास उशिरा पोचली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, अजून कंबर धरलेली आहे. उतरले सुजाताकडे. सुजाता माझी जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन वर्ध्याच्या घरात गेली आणि नवऱ्याच्या सरकारी नोकरीमागे सरोजिनी नगरात येऊन राहिली. दार उघडताच वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही आधी रजईत बसा. अच्छा, चहा की कॉफी?" नगरची थंडी उन्हात बसलं की जाते. इथं ऊनच नाही. फरशी गार, पाणी गार, पांढऱ्या हवेत सकाळचे दहा आणि दुपारचे तीन सारखेच. मी दोन स्वेटर, शाल, वर सुजाताच्या नवऱ्याचे लोकरी मोजे अशा थाटात दुसऱ्या दिवशी मेट्रोत बसले.

संस्थेचं दप्तर निशातगंजात, बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली हिवाळी टोप्यांचे ढीग, मटारच्या गोण्या, इ-रिक्षांची ही गर्दी. उतरताना रिक्षावाल्या चाचांना मी सवयीनं "सलाम" म्हटलं. आमच्याकडे मंडळीत एकमेकांना सलामच करतात. चाचांनी चमकून माझ्या कपाळाकडे, गळ्यातल्या क्रुसाकडे पाहिलं आणि फार अदबीनं सलाम परत केला. मग म्हणाले, "बहनजी, सीढ़ी खड़ी है, सँभल के." खोटं बोलले नाहीत. सत्तावीस पायऱ्या, कठड्याला धरावं तर तो हलतो. एकेक पायरी मी मोजली, कारण देवाचं नाव घ्यायला दम उरला नव्हता.

वर मिसेस दयाल बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, डोक्याला माकडटोपी, बोटं कापलेले हातमोजे. पगार न घेता हे सगळं दप्तर सांभाळतात. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "पहले साँस ले लीजिए. पाटोळे साहब कहीं भागे नहीं जा रहे."

त्यांनी मला तिथली पद्धत समजावली. संस्थेच्या प्रत्येक पुढाऱ्याचं एक जाड कार्ड असे. पुढच्या बाजूला जन्म, बाप्तिस्मा, शिक्षण, बायकामुलं, कोणत्या कामात हात चांगला. मागच्या बाजूला ज्या-ज्या केंद्रावर काम केलं तिथल्या सचिवाचा शेरा. ज्याचं कार्ड, त्याला ते कधीच दाखवायचं नाही. बदली झाली की कार्ड लाखेची मोहर लावलेल्या लिफाफ्यात नव्या केंद्राकडे जायचं, माणूस निवृत्त झाला की परत लखनौला यायचं. या ग्रंथातली सगळी चरित्रं या कार्डांवरून लिहिली जात आहेत.

नऊ कपाटं आम्ही दोघींनी मिळून पाहिली. पी खाली पाहिलं. बी खाली पाहिलं, कारण "आपके महाराष्ट्र में लोग तीन-तीन नाम लिखते हैं, क्लर्क बेचारा क्या करे." कार्ड नाही.

जिन्याच्या तोंडाशी एक जुना फोटो होता, शिबिरातला. मागच्या रांगेत अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी, दाट केस, आणि तेच ते पुढे आलेले कान. मी ओरडलेच, "हे बघा! हे पप्पा!"

मिसेस दयालांनी चष्मा वर केला. "अरे! सीटी वाले मराठी भैया! मैं अठारह की थी. हमको वो खेल सिखाया था, ज़मीन पर लकीरें खींच कर... आट्या..."

"आट्यापाट्या!"

"हाँ, वही. मैं तीन बार पकड़ी गई थी." आणि चक्क हसल्या.

"झालं तर मग. तुम्ही स्वतः साक्षीदार आहात. लिहा नाव!"

हसू बंद. "चेहरा है, कार्ड नहीं है. कार्ड नहीं तो नाम नहीं." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या की पहिल्यांदा घरच्यांच्या सांगण्यावरून लिहायला घेतलं होतं, तर तीन वेगवेगळ्या घरांनी आपलाच बाप संस्थेचा संस्थापक म्हणून लिहून पाठवला. त्यानंतर हा नियम केला. महिनाअखेरीला मजकूर छापायला जाणार, त्याच्या आत कार्ड मिळालं तर ठीक.

मी विचारावं की नाही असं करत शेवटी विचारलं, "ज्यांना काढून टाकलं, त्यांची कार्डं कुठं जातात?"

"फाड़ दिए जाते थे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे न बघता डबा उघडला. तहरी आणली होती, म्हणजे मटार-फ्लॉवर घातलेला मसालेभात म्हणा, सोबत हिरवी चटणी. त्यांनी अर्धी मला वाढली. चव चांगली असणार, मी मटारच वेगळे काढत बसले.

सरोजिनी नगर, रविवार

रविवारी दप्तर बंद. उपासनेला जावं असं ठरवलं होतं, पण सकाळी उठून रजईवर बसले ती थेट चष्म्यावर. कडकन आवाज झाला. एक काच गेली, काडी निखळली. सुजाता म्हणाली, "बाई, टेन्शन घेऊ नका, नाक्यावर भैया आहे चष्म्यावाला," पण रविवारी भैयाही बंद. मग सुजाताच्या नवऱ्याचा जुना चष्मा लावून बसले. त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं, हातातलं पुस्तक नाही.

मी नगरहून ज्वारीचं पीठ नेलं होतं. सुजातानं भाकरी थापल्या, मेथीची भाजी केली. "इथं सब्जी एक नंबर मिळते बाई, फक्त ज्वारीला तरसतो आम्ही," म्हणत तिनं पहिली भाकरी उभ्याउभ्याच खाल्ली. तिची मुलगी प्रज्ञा बारावीला आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत. मी "दही घे" म्हटलं की "जी आजी, ले लिया." आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. इथं तिच्या हिंदीतच मला इतका गोडवा वाटला की काही बोलले नाही.

जेवताना तिनं विचारलं, "आजी, आपके पापा को किताब में नाम क्यों चाहिए? इतने साल तो ऐसे ही निकल गए."

मी म्हटलं, "त्यांना नकोय. मला हवंय."

"क्यों?"

पोरीनं बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. मी सांगितलं. आठवीत असताना एका मुलीनं मला मधल्या सुट्टीत विचारलं होतं, तुझ्या बापानं तिकडं काय चोरलं गं? मी घरी येऊन पप्पांना विचारलं. ते दिव्याची काच पुसत होते, पुसतच राहिले. मी त्या दिवसापासून मनातल्या मनात त्यांना चोर समजत आले, आणि याच हातांनी त्यांना रोज जेवायला वाढत आले. प्रज्ञानं माझ्या ताटात आणखी दही घातलं.

चिनहट

सोमवारी सकाळी मिसेस दयालांचा फोन. जुन्या जावक नोंदवह्या, म्हणजे कुठला कागद कधी कुठं पाठवला त्याची नोंद, चिनहटच्या गोदामात आहेत. "कार्ड न सही, कार्ड का रास्ता तो मिलेगा. मैं भी चलती हूँ, चाबी मेरे पास है."

लखनौचं हे टोक म्हणजे कारखाने, ट्रक आणि रस्त्याकडेला धूळ खात बसलेल्या कुंड्या-मडक्यांची दुकानं. गोदामात बल्ब एकच. उंदरांनी आमच्या आधी संशोधन करून ठेवलेलं. मिसेस दयालांनी रुमाल नाकाला बांधला, मी पदर बांधला, आणि दोन म्हाताऱ्या उलट्या ठेवलेल्या पेट्यांवर बसलो. मला तर अक्षर दिसेना. त्या वाचत होत्या, मी ऐकत होते. अमक्याचं कार्ड अलाहाबादला, रजिस्टर्ड डाक. तमक्याचं कार्ड जबलपूरला, रजिस्टर्ड डाक. पानामागून पान हेच. दोन तास झाले असतील. मला डुलकी लागत होती, पाय तर केव्हाचे मेले होते. गप्प घरी पप्पांजवळ बसायचं सोडून हे काय डोहाळे लागले मला, असं चाललं होतं मनात.

तेवढ्यात त्यांचं वाचन थांबलं.

"पाटोळे बी. नागपुर केंद्र." मग बोट पुढच्या रकान्यावर सरकवून, "दस्ती."

"दस्ती म्हणजे?"

"हाथ से. जिसका कार्ड, उसी के हाथ में." त्यांनी रुमाल खाली ओढला. "चरण साहब ने? दस्ती? यह तो उन्होंने कभी नहीं किया."

चरण साहेब म्हणजे तेव्हाचे मुख्य सचिव. त्यांच्याबद्दल मिसेस दयाल मला आधीच म्हणाल्या होत्या की त्यांच्यासमोर पंखासुद्धा हळू फिरायचा. पोचपावतीच्या रकान्यात सही होती. मी वही नाकाला लावली, एक डोळा मिटला. भा. पाटोळे. माझ्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं पाहिलेली सही. म्हणजे काढलं नव्हतं! बदली झाली होती! मी मिसेस दयालांचा हातमोजा धरून रडले, त्या "अरे, अरे" म्हणत माझ्या पाठीवरची धूळ झटकत राहिल्या.

मग डोकं चाललं आणि मी तिथूनच नगरला फोन लावला.

"पप्पा, लखनौहून निघताना चरण साहेबांनी तुमच्याजवळ लिफाफा दिला होता?"

"दिला होता."

"कुठाय?"

"ट्रंकेत."

ट्रंकेत! माझ्या पलंगाखाली असते ती ट्रंक. मी बावन्न वर्षं तिच्यावर झोपते आहे आणि इथं उंदरांच्या लेंड्या चिवडत बसले आहे.

"मग मी निघाले तेव्हा सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"उघडलात?"

"माझ्या नावचा नाही तो. नागपूरच्या सचिवांच्या नावचा आहे."

"अहो पप्पा, मग तेव्हाच नागपूरला टपालात टाकायचा!"

"रुजू झालो असतो तर दिला असता. तुझ्या आईला गाडीतच रक्ताची उलटी झाली. मी तिला घेऊन तसाच नगरला आलो. मग राजीनामा लिहिला."

"आणि लखनौला परत?"

"चरण साहेबांशी भांडून बदली घेतली होती मी. वसतिगृहाचं काम अर्धं टाकून चाललास, म्हणाले. शेवटच्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, लिफाफा हातात दिला फक्त. सगळ्यांची कार्डं टपालानं जायची. माझं माझ्या हाती दिलं. आपली लाज आपणच वाहून ने, असाच अर्थ ना त्याचा? काय लिहिलंय ते पुन्हा कुणी वाचू नये असं वाटलं."

मला इतका राग आला आणि इतकी दया आली की दोन्ही मिळून तोंडातून फक्त "जेवलात का?" एवढंच निघालं.

मिसेस दयालांना सांगितलं. त्या म्हणाल्या, नागपूरचं केंद्र कधीच बंद झालं, लिफाफ्यावर आता लखनौचा हक्क आहे, तेव्हा तुम्ही आमच्या वतीनं उघडा. पप्पांना फोनवर हे कळवलं तर म्हणाले, "लेखी आण."

लेखी आणण्यासाठी पुन्हा निशातगंज, पुन्हा सत्तावीस पायऱ्या. संस्थेचा कागद, शिक्का, सही. खाली उतरल्यावर मिसेस दयालांनी मला कोपऱ्यावरच्या दुकानातून द्रोणात मक्खन मलाई घेऊन दिली. दुधाचा नुसता फेस, वर केशर, जिभेवर ठेवावा तर नाहीसा. पुण्यामुंबईकडे हा प्रकार नाही, नगरात तर नाहीच. एवढी एकच चैन केली लखनौत.

नगर

घरी पोचले तेव्हा पप्पा ओसरीत उन्हात बसले होते, दाढी केलेली, धुतलेला सदरा. लिफाफा मांडीवर. लाखेची मोहर जशीच्या तशी, एक चीर नाही. त्यांनी आधी लखनौचं पत्र भिंग लावून दोनदा वाचलं, शिक्का उन्हाकडे धरून पाहिला. मग लिफाफा माझ्याकडे दिला.

"तू उघड. आणि मागची बाजू मोठ्यानं नको वाचू. शेजारी ऐकतात."

विळीच्या टोकानं मोहर उचकटली. कार्ड नव्यासारखं करकरीत. पुढची बाजू माझ्याही माहितीची. मागे शेवटच्या रकान्यात काळ्या शाईनं, तिरप्या हिंदी अक्षरात चार ओळी होत्या. नवी काच बसवलेल्या चष्म्यातून मी हळू आवाजात वाचल्या.

"कार्ड डाक से नहीं, इन्हीं के हाथ भेज रहा हूँ. ये खोलेंगे नहीं. इनकी पत्नी बहुत बीमार हैं, ये माँगेंगे नहीं, इसलिए मैं माँगता हूँ: पहले छह महीने इन्हें शिविर पर न भेजें. जाने दिया है, मन से नहीं."

पप्पांनी कान पुढे केला. "पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"खाली सही आहे?"

"आहे पप्पा."

ते रडले. मी आई गेली तेव्हाही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाही डोळ्यांना लावून म्हणाले, "मी त्यांच्या मयतालाही गेलो नाही गं. पत्र आलं होतं. गेलो नाही." मी त्यांचे पाय धरले. मी चोर समजत होते तुम्हाला, असं सांगितलं. "माहीत आहे," ते म्हणाले, "तू आठवीत असल्यापासून." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. शेजारच्या बाई खरंच कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. पप्पा त्यांना म्हणाले, "या, या, मोठ्यानं वाचून दाखवते ही."

महिना संपायला नऊ दिवस होते. मिसेस दयालांना मोबाइलवरचा फोटो चालत नाही, मूळ कार्ड पाहिजे. मी म्हटलं, आजच रजिस्टरनं टाकते, चार दिवसांत पोचेल.

पप्पांनी कार्ड लिफाफ्यात घातलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"टपालानं नको. हातानं दिलं होतं त्यांनी. हातानंच परत गेलं पाहिजे."

"पप्पा, माझे गुडघे!"

ते लिफाफा माझ्यापुढे धरून बसले.

डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत. शनिवारचं तिकीट काढलं आहे.